चष्मा थोरलीला, उजेड धाकट्याला: खान्देशातल्या एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उणे नंबराचे, म्हणजे लांबचे पुसट दिसण्याचे, आणि तो लागू नये म्हणून दिलेल्या दिवसाच्या उजेडाचे. जळगाव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. वडिलांचे कृषी केंद्र, आई माध्यमिक शाळेत शिक्षिका, घरात आजी आणि दोन मुले. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. घर जुन्या पेठेतल्या बोळात आहे. समोरासमोरच्या भिंतींत जेमतेम सहा फुटांचे अंतर, त्यामुळे पुढच्या खोलीत भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. सहा किलोमीटरवर केळी-कापसाची शेती आहे, पण मुले तिकडे जातात ती पोळ्याला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). आईला शाळेत असल्यापासून चष्मा, आता उणे साडेतीन. वडिलांना नंबर नाही.

ओळख लागू नये म्हणून गाव, शाळा आणि उपचार करणारे यांची नावे दिलेली नाहीत.

तक्रार कशी पुढे आली

जूनमध्ये शाळा भरली आणि पंधरा दिवसांत वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले की मुलगी फळ्याकडे न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत तक्ता लावून पाहिले, तेव्हा उजव्या डोळ्याची नजर ६/१८ (निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवरून दिसणे) आणि डाव्याची ६/१२ भरली. घरच्यांनी त्याच संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांना उणे २.०० निघाले, आणि दुसऱ्या दिवशी चष्मा हातात आला.

आठवडाभरात कपाळ दुखू लागले. मुलगी वाचताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघायची. आजीचे मत पडले की चष्म्यानेच नंबर वाढणार, तो काढून ठेवा. आईला स्वतःचा अनुभव होता, म्हणून तिने नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचे ठरवले.

पहिला निर्णय: थेंब घालून तपासणी

लहान मुलाचा डोळा जवळच्या वस्तूवर रोखण्यात फार तत्पर असतो. मशिनमध्ये डोकावल्यावर रस्त्याच्या टोकाला फुगा किंवा घर दिसते. ते चित्र लांबचे भासत असले तरी असते डब्यातच, आणि मूल नकळत नजर जवळ आणते. आतला स्नायू आखडला की मशीन खऱ्यापेक्षा जास्त उणे दाखवते. मोठ्यांच्या बाबतीत ही चूक किरकोळ असते. आठ वर्षांच्या मुलात ती पाऊण-एक नंबरापर्यंत जाऊ शकते.

यावर उपाय एकच, तो स्नायू काही तासांसाठी सैल करणारे थेंब. इथे सायक्लोपेंटोलेट १% वापरले. एक थेंब, दहा मिनिटांनी दुसरा, आणि त्यानंतर ४० मिनिटे थांबून तपासणी. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळांवर औषध सावकाश चढते, त्यामुळे वीस मिनिटांत उरकलेली तपासणी धरू नये. थेंब झोंबतात, मूल पेंगुळते, चेहरा लाल होऊ शकतो. दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचे पुसट दिसते आणि उन्हात डोळे दिपतात. वडील म्हणाले, ‘एक दिवस शाळा बुडते, डॉक्टर, कॉम्प्युटरवर तर तपासलंय.’ तो एक दिवस बुडवणे योग्यच ठरले. खरा नंबर उजवीकडे उणे १.२५ आणि डावीकडे उणे १.०० निघाला. आधीचा चष्मा पाऊण ते एक नंबराने जड होता. नव्या काचा बसवल्यावर चार दिवसांत डोकेदुखी थांबली.

बाकावर बसलेला भाऊ

याच भेटीत प्रकरणाला वळण लागले. धाकटा सोबत आला होता आणि बाकावर बसून आईच्या मोबाइलवर गाडी पळवत होता. त्याचीही तपासणी करू असे सुचवल्यावर वडिलांना नवल वाटले. ‘त्याला सगळं दिसतं.’ ते खरेच होते. तक्त्यावर त्याने शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचली, ६/६.

थेंब घालून मात्र नंबर अधिक ०.२५ निघाला, दोन्ही डोळ्यांचा.

हा आकडा दिसायला निरुपद्रवी आहे. पण लहानपणी डोळा आखूड असतो आणि त्याचा नंबर अधिककडे झुकलेला असतो. डोळा वाढतो तसा तो शून्याकडे सरकतो. सहाव्या वर्षी ही शिल्लक अधिक ०.७५ च्या वर असावी. त्याहून कमी उरली असेल तर पुढच्या काही वर्षांत उणे नंबर लागण्याची शक्यता बरीच वाढते. आंतरराष्ट्रीय व्याख्येत अधिक ०.७५ पासून उणे ०.५० च्या अलीकडपर्यंतच्या, वय आणि इतर जोखमी पाहता धोक्यात असलेल्या मुलांना ‘पूर्व-मायोपिया’ (मायोपिया म्हणजे उणे नंबर) या गटात धरतात. या मुलाची शिल्लक सहाव्या वर्षीच संपत आली होती, आणि त्यात आईला नंबर.

शाळेतली तपासणी अशा मुलाला कधीच पकडत नाही. ती नजर मोजते, शिल्लक मोजत नाही.

आता हे कळून उपयोग काय? उपयोग हा की दिवसाच्या उजेडाचा जो परिणाम अभ्यासांत दिसला आहे, तो मुख्यतः नंबर लागण्याच्या आधी दिसला आहे. चीनमधल्या ग्वांगझूत १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास ठेवला. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला: जादा तास असलेल्यांपैकी ३०.४% मुलांना नवा नंबर लागला, इतरांपैकी ३९.५%. तैवानमध्ये मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे करून सगळ्यांना बाहेर काढणाऱ्या शाळेत वर्षभरात ८.४१% मुलांना नंबर लागला, तसे न करणाऱ्या शाळेत १७.६५%. हा अभ्यास २०१३ चा. एकदा नंबर लागल्यावर मात्र बाहेर राहिल्याने त्याची वाढ मंदावते का, याचे उत्तर काही अभ्यासांत ‘थोडी’ असे आहे, तर काहींत फरक दिसतच नाही.

म्हणजे घरात चष्मा लागला होता थोरलीला, पण उजेडाचा खरा लाभार्थी होता धाकटा. घरच्यांच्या डोक्यात हे नेमके उलटे बसलेले होते, आणि ते उलटवायला दोन भेटी लागल्या.

उजेड डोळ्यात जाऊन करतो काय

थोडक्यात सांगायचे तर नंबर म्हणजे डोळ्याची लांबी. प्रौढ डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो आणि लांबी एका मिलिमीटरने जादा झाली तर सुमारे अडीच-तीन नंबर उणे होतो. भरपूर उजेडात डोळ्याचा पडदा डोपामिन हे रसायन जास्त सोडतो आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे मानले जाते. २००९ च्या एका प्रयोगात कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यावर धूसर आवरण लावले, जेणेकरून नंबर चढावा. रोज काही तास १५,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचे माप) उजेड दिल्यावर तो कमी चढला. नंतरच्या एका प्रयोगात डोपामिनची वाट अडवणारे औषध डोळ्यात दिल्यावर उजेडाचा फायदा नाहीसा झाला. उन्हातल्या ड जीवनसत्त्वाचा हा परिणाम असावा अशी शंका बरीच वर्षे होती. पुरावा तिकडे झुकत नाही. त्यामुळे ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन हे काम होणार नाही, आणि दुसरीकडे, कातडीवर थेट ऊन घेण्याचीही गरज नाही. खान्देशात हा मुद्दा कळीचा ठरला.

उजेडाचा हिशेब

‘मुलं बाहेर खेळतात का?’ या प्रश्नाला आईचे उत्तर होते, ‘दिवसभर बाहेरच असतात.’ हे उत्तर बहुतेक घरांतून येते आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. म्हणून आठवडाभर वहीत नोंद ठेवायला सांगितले. किती वेळ, कुठे, आणि घड्याळात किती वाजले होते. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

वही भरल्यावर चित्र असे निघाले. सकाळी साडेसात ते साडेनऊ क्लास, एका बंगल्याच्या तळघरात. अकरा ते पाच शाळा. मधल्या सुट्टीत डबा वर्गातच. घरी आल्यावर दूध, टीव्ही, गृहपाठ. खेळायला बाहेर पडायची वेळ साडेसात-आठची, म्हणजे दिवेलागणीनंतर, गल्लीतल्या खांबाखाली. घराबाहेर तास-सव्वा तास, पण उजेडात केवळ २० ते २५ मिनिटे, आणि तीही व्हॅनची वाट बघताना. रविवारी त्याहून कमी, कारण रविवारी उठणेच उशिरा.

मग मोजमाप. वडिलांनी मोबाइलवर लक्स मोजायचे ॲप घेतले. मोबाइलचा उजेड मोजणारा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो, दर मोबाइलमध्ये वेगळे दाखवतो आणि उन्हात कमी-जास्त फेकतो. तुलनेपुरता चालतो, नेमक्या आकड्यासाठी हातातला लक्समीटर हवा. दोन्हींत होणारी नेहमीची चूक म्हणजे ते आडवे, आकाशाकडे तोंड करून धरणे. डोळा आकाशाकडे बघत नाही. मीटर मुलाच्या गालाशी, उभा, मूल जिकडे बघते तिकडे तोंड करून धरायचा. तसे धरल्यावर क्लासच्या तळघरात ११०, घराच्या पुढच्या खोलीत ९०, वर्गात खिडकीच्या बाकावर ४५० आणि मागच्या कोपऱ्यात ७० लक्स मिळाले. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड केले तर ३५०, मैदानाकडे केले तर २,२००. मैदानातल्या कडुनिंबाच्या सावलीत ७,००० च्या वर. सावलीबाहेर पाऊल टाकल्यावर आकडा झपकन वर गेला. भर दुपारच्या उघड्या उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो.

व्हरांड्यातले ते दोन आकडे नीट पाहावेत. जागा तीच, वेळ तीच, मुलाचे तोंड फिरवले एवढेच.

तैवानमधल्या २०१८ च्या अभ्यासात १,००० लक्सच्या वरचा उजेडही, म्हणजे व्हरांडा आणि झाडाखालची सावली, उपयोगी दिसला. मात्र तेवढा उजेड जास्त वेळ मिळायला हवा. कडक उन्हात उभे राहण्याची अट कुठेच नाही.

पर्याय

मुलीसाठी पाच गोष्टी विचारात घेतल्या.

पूर्ण नंबराचा चष्मा, कायम वापरायचा. याला पर्याय नव्हताच, पण आजीच्या सांगण्यावरून वडिलांनी नंबर थोडा कमी द्या म्हणजे डोळे आळशी होणार नाहीत, अशी विनंती केली. हा समज सगळ्या खान्देशात आहे. २००२ साली नेमकी हीच तुलना झाली होती. मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वाढला. विनंती मान्य झाली नाही.

नंबराची वाढ मंदावणारे कमी मात्रेचे ॲट्रोपिन थेंब, रात्री झोपताना एक. हाँगकाँगमधल्या ४३८ मुलांवरच्या अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये आले. एका वर्षात ०.०५% थेंब घेणाऱ्यांचा नंबर सरासरी ०.२७ ने वाढला, ०.०१% घेणाऱ्यांचा ०.५९ ने आणि औषध नसलेले साधे थेंब घेणाऱ्यांचा ०.८१ ने. ०.०५% चा जोर चांगला, पण बाहुली सुमारे एक मिलिमीटरने मोठी राहते. हाँगकाँगपेक्षा भुसावळ-जळगाव पट्ट्यातल्या उन्हात त्याचा त्रास जास्त. थेंब दोन-तीन वर्षे चालवावे लागतात आणि एकदम बंद केले तर नंबर उसळी घेऊ शकतो.

कडेने वेगळी रचना असलेल्या, नंबराची वाढ रोखणाऱ्या काचा. यांचा पुरावा चांगला आहे. नडला तो खर्च. आठ वर्षांचे मूल वर्षात दोनदा काचा फोडते हे धरून हिशेब केल्यावर वडिलांनी नको म्हटले.

घरातच मोठे दिवे लावणे. अभ्यासाच्या टेबलावर २० वॅटची ट्यूब जवळ आणली तर काही शेकडा लक्स मिळतात. वाचायला हे बरे, बाहेरच्या उजेडाची जागा ते घेत नाही. एका नातेवाइकाने घरी वापरायचे लाल प्रकाशाचे यंत्र सुचवले. डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद असल्याने ते लगेच बाजूला ठेवले. डोळ्यांचे व्यायाम, गाजर आणि सकाळी अनवाणी गवतावर चालणे यांवर वेळ घालवला नाही. गवतावर चालणे सकाळच्या उजेडात होते तेवढाच त्यातला अर्थ.

आणि पाचवा पर्याय, बाहेरचा वेळ वाढवणे.

ठरले ते असे: मुलीला पूर्ण नंबराचा चष्मा आणि बाहेरचा वेळ. ॲट्रोपिनचे थेंब सहा महिने थांबून, वाढ बघून. मुलाला औषध काहीच नाही, रोज दीड-दोन तास बाहेरचा उजेड आणि दर सहा महिन्यांनी थेंब घालून तपासणी. दोघांच्या डोळ्याची लांबी जळगावात ऑप्टिकल बायोमीटरवर, म्हणजे डोळ्याला न टेकता प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून घेतली. मोतीबिंदूच्या दवाखान्यात डोळ्याला टेकवून मोजण्याचे यंत्र जवळच होते, पण त्यात दोन मापांत दहा-वीस शतांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि मुलाच्या डोळ्याची वर्षाची वाढच जवळपास तेवढी असते. त्यासाठी जळगावची फेरी करावी लागली. मुलगी २३.९२ मिलिमीटर, मुलगा २२.७०.

काय केले

सगळ्यात मोठा बदल वेळापत्रकात होता, आणि त्याचा गाभा एवढाच की क्लास अंधारात ढकलायचा. सकाळचा साडेसातचा क्लास सोडून संध्याकाळी साडेसहा ते आठचा घेतला. क्लासच्या सरांना कारण सांगितल्यावर त्यांची हरकत नव्हती, त्यांच्याकडे दोन तुकड्या होत्याच. मोकळी झालेली सकाळ, साडेसात ते पावणेनऊ, नगरपालिकेच्या बागेत. पहिले पंधरा दिवस वडील सोबत, नंतर शेजारची चार मुले जमली आणि सोबत्याची गरज संपली.

संध्याकाळी सव्वापाच ते सहा-सव्वासहा मैदानावर. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मावळण्याआधीचा शेवटचा अर्धा तास उजेड झपाट्याने उतरतो. त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळवर भिस्त ठेवली नाही. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून सकाळची वेळही अर्धा तास पुढे सरकवली. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले तरी उघड्यावर हजारोंनी लक्स असतात. पाऊस पडत असेल तर शाळेच्या किंवा बागेच्या व्हरांड्यात, तोंड बाहेर करून. टोपी हवीच. टोपीने डोळ्यापर्यंतचा उजेड कमी होतो, तरी तो घरातल्यापेक्षा कितीतरी पट उरतो, असे सिंगापूरमध्ये मोजून पाहिले आहे. सूर्याकडे बघायचे नाही हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण ‘उजेड डोळ्यात जायला हवा’ याचा धाकट्याने सरळ अर्थ लावला होता.

शाळेचे काम आईने अंगावर घेतले. मुख्याध्यापकांकडे तिने मागणी केली ती लहानशीच: पहिली-दुसरीच्या मुलांनी डबा वर्गात न खाता कडुनिंबाखाली खावा आणि मधली सुट्टी संपेपर्यंत वर्गाला कडी असावी. मुख्याध्यापकांना दोन अडचणी दिसल्या, धूळ आणि लक्ष ठेवणारे माणूस. धुळीसाठी सतरंज्या आल्या. देखरेखीला शिक्षिका आळीपाळीने राहू लागल्या. व्हरांड्यात बसणाऱ्यांना भिंतीकडे पाठ करून बसवायचे, हा नियम एका शिक्षिकेने आपणहून घातला. मधल्या सुट्टीचे ३० मिनिटे असे पदरात पडले, आणि ते फक्त या एका मुलाच्या नव्हे.

अभ्यासाबाबत एवढेच: वही हातभर लांब, अर्ध्या तासाने उठून गॅलरीत. मोबाइल जेवणानंतर २० मिनिटे.

कुठे अडले

पहिला अडथळा मुलीचा रंग. तीन महिन्यांत ती काळवंडली असे आजीला वाटू लागले, आणि कुणी काही न ठरवता मुलीची सकाळ लहान होत गेली. तिला पोळ्यांना मदत, भावाला बाग. वहीत हे लख्ख दिसले: ऑक्टोबरात मुलाचे रोजचे ९५ मिनिटे, मुलीचे ५०. सावलीत खेळूनही काम होते हे पटल्यावर वेळ थोडा वाढला, बरोबरीचा कधीच झाला नाही.

दुसरा अडथळा मोबाइल. बागेत बाकावर बसून मुले त्यातच डोके घालू लागली. उजेड मिळतो हे खरे, पण डोळ्यापासून वीतभर अंतरावरचे काम चालूच राहते. मोबाइल घरी ठेवण्याचा नियम आला.

तिसरा, आणि खरा, उन्हाळा. एप्रिलमध्ये सकाळची शाळा झाली आणि सकाळचा बागेचा वेळ गेला. मेमध्ये पारा ४४ च्या वर, दुपारी झळा, घराघरांत कूलर आणि खिडक्यांना ओली पोती. ‘पोऱ्याले ऊन लागी जाई,’ हे आजीचे म्हणणे अगदी बरोबर होते. अकरा ते साडेचार मुलांना बाहेर काढण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तसा सल्ला देणाऱ्याने खान्देशातला मे पाहिलेला नाही असे समजावे. पहिले दोन आठवडे सगळी योजना कोलमडली. रोजचा उजेड १५ मिनिटांवर आला, जूनच्या आधी होता त्याहूनही कमी.

मग वेळ पहाटेकडे सरकवली. मेच्या मध्याला सूर्य सहाच्या आतच वर येतो आणि साडेसहाला उघड्यावर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. सव्वासहा ते साडेसात शेतावर, केळीच्या बांधावर, पाण्याची बाटली आणि उपरणे घेऊन. वडिलांची फेरी तशीही असायची, मुले मागे बसली. संध्याकाळी सहा ते पावणेसात गच्चीवर. गच्ची सहालाही तापलेली असते, म्हणून आधी पाणी मारायचे. अशा रीतीने मे-जूनमध्ये दिवसाला ७० ते ८० मिनिटे जमली. दोन तास जमले नाहीत.

निष्पत्ती

सहाव्या महिन्यात मुलीचा उजवा डोळा उणे १.७५ आणि डावा उणे १.५० झाला होता. अर्ध्या वर्षात अर्धा नंबर ही वेगाची वाढ. लांबी २४.१२ मिलिमीटर. थेंबांचा निर्णय त्याच दिवशी झाला, ॲट्रोपिन ०.०५%, रात्री एक थेंब. पहिले तीन आठवडे उन्हात डोळे बारीक व्हायचे. मोठ्या काठाची टोपी आणि सावलीचा कोपरा यावर भागले. जवळचे वाचायला त्रास झाला नाही. दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हा उजवा उणे २.२५, डावा उणे १.७५, लांबी २४.३६. म्हणजे थेंब सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात उजव्या डोळ्याची तेवढीच वाढ, जेवढी आधी सहा महिन्यांत झाली होती. वय वाढले की वाढ आपोआपही थोडी मंदावते, ते वजा करून हा आकडा वाचावा.

मुलाचा नंबर वर्षाअखेर अधिक ०.२५ च होता. दोन वर्षांनी उजवा शून्य, डावा अधिक ०.२५, लांबी २३.०४. चष्मा नाही. उजेड वाढवला नसता तर त्याला नंबर लागलाच असता, असे एका मुलावरून म्हणता येत नाही. ग्वांगझूतही जादा तास नसलेल्या साठ टक्के मुलांना तीन वर्षांत नंबर लागला नव्हताच. म्हणता येते ते एवढे की शिल्लक जवळपास टिकली.

वेगळे काय करता आले असते

मुलीचे थेंब सहा महिने थांबवायला नको होते. आठवे वर्ष, आईला नंबर, पहिल्याच तपासणीत सव्वा नंबर आणि उजेडाने भरून निघण्याची शक्यता थोडी. थांबण्यामागे ‘आधी नैसर्गिक उपाय करून पाहू’ ही घरच्यांची इच्छा होती, आणि तिला मान देण्यात अर्धा नंबर गेला. गेलेला नंबर परत येत नाही. अशा मुलात थेंब आणि उजेड दोन्ही पहिल्या दिवसापासून सुरू करणे जास्त बरे.

मुलाची तपासणी तीन वर्षे आधी, बालवाडीत, होऊ शकली असती. आईला नंबर आहे एवढे कारण पुरेसे होते. तेव्हा शिल्लक किती होती हे कळले असते, आणि ती किती वेगाने उतरते आहे हेही. एकाच मापावरून वेग कळत नाही.

उन्हाळ्याचे वेळापत्रक मेमध्ये नव्हे, फेब्रुवारीत ठरवायला हवे होते. जूनमध्ये आखलेली योजना मेमध्ये टिकेल असे गृहीत धरले गेले. खान्देशात दोन वेगळी वेळापत्रके लागतात, एक जून ते मार्च आणि दुसरे एप्रिल-मेचे, आणि दुसऱ्यात दोन तासांचे उद्दिष्ट धरू नये. पाऊण-सव्वा तास नेमाने मिळाला तर तो घ्यावा.

आजीला पहिल्या भेटीला न्यायला हवे होते. घरातल्या मुलांचा दिवस तीच आखत होती आणि सगळ्या सूचना मात्र आई-वडिलांना दिल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी ती सोबत आली, मुलाची लांबी मोजताना यंत्राचा पडदा तिला दाखवला, आणि त्यानंतर मुलीच्या सकाळी निम्म्यावर आल्या नाहीत.

सध्याची अडचण वेगळी आहे. मुलगी पाचवीत गेली आहे. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा जादा वर्ग शाळेने संध्याकाळी पाच ते साडेसहा ठेवला आहे, नेमका उजेडाच्या वेळी. पुढे धाकटाही त्याच वर्गात जाईल. वर्ग सकाळच्या परिपाठाआधी घ्या किंवा तो व्हरांड्यात भरवा, असे दोन पर्याय आईने लिहून दिले आहेत. व्हरांड्याला मुख्याध्यापक तयार आहेत, फळा कुठे लावायचा एवढेच ठरायचे आहे.